गुन्वोरची चूकनोंद

नर्सिंग कॉलेजच्या तळमजल्यावर सरावखोलीच्या दाराशी आनिकेन उभी होती आणि दार काही उघडत नव्हतं. तिने कार्ड लावलं, लाल दिवा. बाहीला पुसून लावलं, लाल दिवा. उलटं करून लावलं, तरी लालच. जानेवारीतला सोमवार, सकाळचे आठ वाजले होते तरी बाहेर उजाडायचं नाव नव्हतं, आणि काचेपलीकडे सहा पलंगांवर सहा रबरी पेशंट निवांत पडलेले दिसत होते.

कॉफीचा थर्मास घेऊन गुन्वोर जिना उतरली. खोली कॉलेजची असली तरी चौदा वर्षं तीच ती सांभाळत होती, तिथली एकेक चादर तिच्या हाताखालून गेलेली. तिने आपल्या कार्डाने दार उघडलं आणि विचारलं, की पोरींची कार्डं बंद पडली की काय. आनिकेन म्हणाली, बंद कुठली, वर्गाच्या वेळेबाहेर फक्त करणाऱ्यांची कार्डं चालतात, आणि मी तर ऐकणारी आहे. आपला रक्तगट सांगावा तितक्या सहज तिने हे सांगितलं. गुन्वोरने थर्मास टेबलावर जरा जोरातच ठेवला.

करणारी, ऐकणारी, ही काय भानगड, तर मागच्या ऑगस्टपासून कॉलेजात एक नवी संगणक-व्यवस्था आली होती. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पद्धतीने शिकू द्या, असं तिचं म्हणणं. म्हणणं ऐकायला गोडच. पहिल्या दिवशी एकोणीस प्रश्न विचारायचे, उत्तरांवरून माणसाचा गट पाडायचा: बघणारे, ऐकणारे, वाचणारे, करणारे. मग ज्याला त्याला त्याच्या गटाचाच माल. बघणाऱ्याला चित्रं, वाचणाऱ्याला पानं, ऐकणाऱ्याच्या कानात आवाज, करणाऱ्याला सरावखोलीचा जादा वेळ. आणि दुसऱ्या गटाचं सगळं बंद, का, तर मन विचलित होऊ नये म्हणून. वीस-वीस वर्षांच्या पोरापोरींचे असे चार कप्पे केले आणि वरून झाकणं लावली. वर याला प्रगती म्हणायचं.

आनिकेन वीस वर्षांची नव्हती, छत्तीसची होती. चौदा वर्षं तिने गावाबाहेरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून सॅल्मन मासे साफ केलेले. यंत्रांचा आवाज अडवायला कानांवर जाड कानझाकणं, आणि त्यांच्यात रेडिओ. आईच्या शेवटच्या दुखण्यात घरी येणाऱ्या नर्सला बघून तिच्या मनाने घेतलं, की आपण हेच काम करायचं. नऊ वर्षांची लेक तूवा पदरात, तरी नोकरी सोडली आणि कॉलेजात नाव घातलं. त्या एकोणीस प्रश्नांत एक असा होता, की काम करताना तुमचं मन कशात रमतं? आनिकेनने खरं ते लिहिलं, रेडिओ ऐकण्यात. आणखी तीन ठिकाणी तसंच काहीसं लिहिलं. झालं, संगणकाने तिच्या नावापुढे एक हिरवा कान चिकटवून दिला. चौदा वर्षं माशांच्या पोटात सुरी चालवणाऱ्या बाईचे हात त्याला कुठे दिसले नाहीत.

आता औषधांच्या हिशेबाची परीक्षा आली. चौदा गणितं असतात, चौदाच्या चौदा बरोबर यावी लागतात. एक चुकलं की नापास. याबद्दल कुणाची तक्रार नाही, कारण तेरा इंजेक्शनं बरोबर आणि चौदावं चुकीचं देऊन भागत नाही. तीनदा बसता येतं, तिसऱ्यांदा गेलात की कॉलेजातून नाव कमी. आनिकेन दोनदा बसली होती, दोनदा गेली होती. तिसरी वेळ पुढच्या आठवड्यात शुक्रवारी. कारखान्यातली तिची जागा केव्हाच भरलेली होती, आणि या किनाऱ्यावर दुसरं कॉलेज गाठायचं तर दोन फेरीबोटी आणि पाच तासांचा रस्ता. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या शुक्रवारीच.

गुन्वोरने तिला कॉफी दिली आणि एक गणित घातलं. मॉर्फिनची काचेची कुपी आहे, कुपीत एक मिलिलिटर, त्यात दहा मिलिग्रॅम औषध. पेशंटला चार मिलिग्रॅम द्यायचंय. सिरिंजमध्ये किती भरशील? आनिकेनने सगळा नियम एका दमात घडाघडा म्हणून दाखवला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि कागदावर लिहिलं, चार मिलिलिटर.

ड्रॉवरमधून गुन्वोरने सरावाची कुपी काढली, आत नुसतं पाणी, वर खरं लेबल, आणि सिरिंजबरोबर तिच्या हातात ठेवली. म्हणाली, भर. आनिकेनने कुपीची मान मोडली, सुई आत घातली आणि ओढायला लागली. एक मिलिलिटर आलं आणि मग सिरिंजमध्ये नुसती हवा. तिने कुपी उलटी केली, डोळ्यांजवळ धरली, लेबलावरची बारीक अक्षरं वाचली. मग तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे मला चार कुप्या फोडाव्या लागल्या असत्या," ती म्हणाली. "त्या माणसाला मी मारलं असतं."

"हो," गुन्वोर म्हणाली.

त्यानंतर पाऊण तासात आनिकेनने सहा गणितं केली, सहाही बरोबर. कुपी हातात घ्यायची, फिरवून बघायची, ओठ हलायचे, आणि आकडा यायचा. म्हणजे बाई मठ्ठ नव्हती, अजिबात नव्हती. गुन्वोरला आनंद झाला आणि त्या आनंदातच थोडा रागही आला. तिने विचारलं, अगं, हेच सगळं माझ्या सात नंबरच्या फिल्ममध्ये आहे, कुपीपासून सिरिंजपर्यंत, बारा मिनिटांची फिल्म, ती बघायला काय झालं होतं? आनिकेन म्हणाली, कसली फिल्म? माझ्याकडे सात नंबरचा धडा आहे, पण तो ऐकायचा. आणि तिने कानातला इअरफोन काढून गुन्वोरला दिला.

गुन्वोरने तो कानात घातला. आत तिचाच आवाज. ती सांगत होती: आता इथे बघ. ही रेघ दिसते ना? इथपर्यंत भर. ही नाही, हिच्या खालची. हां, आता कुपी अशी धर.

फिल्ममधलं चित्र काढून टाकलं होतं आणि आवाज तेवढा ऐकणाऱ्यांच्या गळ्यात मारला होता. इथे बघ म्हणे. कुठे बघ? आनिकेनने सांगितलं, की तो धडा तिने चाळीसेक वेळा तरी ऐकला. बाकीच्यांना ती रेघ कुठली ते कळत असणार, आपल्यालाच कळत नाही, असं वाटून कुणाला विचारलंही नाही. गुन्वोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने इअरफोन काढला, आनिकेनला म्हणाली, तू इथेच बस, आणि निघाली.

तिला एवढं का लागलं, हे कळायला ती फिल्म म्हणजे काय ते कळायला हवं. गुन्वोर बेटावरची. बापाची मासेमारीची होडी, चार भावंडांत थोरली. शाळेत तिला अक्षरं नीट लागायची नाहीत, ओळ संपेपर्यंत सुरुवातीचं निसटून जायचं. मास्तरांनी तिला उचलून मागच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, हिच्याच्याने व्हायचं नाही. सहा वर्षं ती त्या बाकावर बसून होती. वर्गातल्या कुणालाच त्यात काही गैर वाटलं नाही, तिलाही नाही. पुढे सतराव्या वर्षी ती जिल्ह्याच्या इस्पितळात भांडी धुवायला लागली, आणि तिथे तिला बोर्गिल्ड नावाची म्हातारी नर्स भेटली. बोर्गिल्ड बोलायची फार कमी. ती नुसती करायची आणि गुन्वोर बघायची. पट्टी कशी सोडवतात, शीर कशी चाचपतात, मरणाऱ्या माणसाची कूस कशी बदलतात, सगळं तिने त्या हातांवरून उचललं. मग कळायला लागल्यावर वाचताही यायला लागलं. आधी हात कळले, मागून पुस्तक. चोवीस वर्षं तिने वॉर्डात काढली, त्यातली अकरा शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, आणि मग कॉलेजने तिला शिकवायला बोलावलं.

आल्यावर दुसऱ्याच वर्षी तिने सलाइनच्या स्टँडला कॅमेरा बांधला, पलंगाच्या बरोबर वर, आणि फिल्मा काढायला घेतल्या. चेहरा नाही, फक्त हात. डाव्या अंगठ्यावर लहानपणी मासा कापताना झालेल्या जखमेचा पांढरा वण आहे, तोही दिसतो. वर तिचा आवाज, खाली मोठ्या अक्षरांत पायऱ्या लिहिलेल्या. थांबवा, मागे न्या, हळू करा, पुन्हा बघा. एकंदर त्रेचाळीस फिल्मा झाल्या. पोरी फेरीबोटीत बसून बघायच्या, बाळाला दूध पाजताना बघायच्या. एकजण कमी ऐकणारी होती, ती खालची अक्षरं वाचून पास झाली. एकाला चित्राने गरगरायचं, तो नुसतं ऐकायचा आणि अडलं की पडद्याकडे बघायचा. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. तेव्हा गुन्वोर यंत्रांच्या विरुद्ध आहे असं कुणी म्हणायला जाऊ नये. तिनेच यंत्र आणलं होतं, आणि मागच्या बाकावरच्यांसाठी आणलं होतं. त्याच फिल्मांची आता चिरफाड करून आवाज एकाला, चित्र दुसऱ्याला आणि अक्षरं तिसऱ्याला वाटून टाकली होती.

विभागप्रमुख शेर्स्टी वरच्या मजल्यावर बसते. ती वाईट बाई नाही, हे आधीच सांगून टाकतो. एके काळी गुन्वोरच्याच हाताखाली वॉर्डात होती. आवाज कधी चढत नाही, टेबलावर मेणबत्ती लावलेली असते, आलेल्याला आधी बसवते. गुन्वोर बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, की आनिकेनला आजच्या आज फिल्मा उघडून दे.

शेर्स्टीने तिला शांतपणे समजावलं. गट बदलायचा तर पुन्हा प्रश्नावली भरावी लागते, ती सत्राच्या सुरुवातीलाच भरता येते. तक्रार करायची तर समितीकडे, समिती बसते फेब्रुवारीच्या अखेरीस. गुन्वोर म्हणाली, ठीक आहे, फिल्म राहू दे, मी स्वतः तिला रोज दोन तास शिकवते, माझ्या वेळात. त्यावर शेर्स्टीने मान हलवली. परीक्षेच्या आधी एका विद्यार्थ्याला एकट्याला शिकवणं नियमात बसत नाही. बाकीच्यांवर अन्याय होतो. सगळ्यांना सारखं मिळायला हवं.

आता याला काय म्हणावं. संगणकाने वर्गातल्या साठ जणांना चार तऱ्हेचं वेगळं वाढलं तर ती समानता. आणि एका शिक्षिकेने एकीच्या हातात कुपी दिली तर तो अन्याय. गुन्वोरने कपाळाला हात लावला. तिने विचारलं, की फिल्मा फोडायची ही अक्कल कुणाची, आणि ज्याने काढल्या त्याला विचारायची पद्धत आहे की नाही?

"विचारलं होतं, गुन्वोर," शेर्स्टी म्हणाली. "हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

तिने पडदा वळवून दाखवला. मार्च महिन्यातली तिसरी बैठक. कंपनीच्या माणसाने फिल्मा कशा वेगळ्या करणार ते दाखवलं. सरावाचा भाग तपासायची जबाबदारी कुणाची, तर गुन्वोरची. शेवटी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का. आणि खाली एक ओळ: सरावशिक्षिका गुन्वोर, हरकत नाही.

तिने ती ओळ दोनदा वाचली. हरकत नाही असं ती बोलली नव्हती. ती काहीच बोलली नव्हती. विणत बसली होती, बैठकीत इथे सगळ्याच विणतात, आणि या विषयावरच्या पाच बैठकांत तिच्या स्वेटरची अख्खी पाठ झाली होती. कंपनीचा माणूस आवाज आणि चित्र वेगळं करून दाखवत होता तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख आलं होतं, की अरे, हे नुसतं ऐकून कुणाला काय कळणार? पण डावीकडची बोलेना, उजवीकडची बोलेना, शेर्स्टीचा चेहरा दमलेला, सव्वातीनची फेरीबोट गाठायची होती. उगाच आपण कशाला मोडता घालायचा, म्हणून तिने टाके मोजले. बैठक संपल्यावर मात्र कॉफीच्या यंत्रापाशी तिने तासभर तोंड सोडलं होतं, आणि बाकीच्यांनीही. सगळ्यांचं एकमत होतं, की हा शुद्ध गाढवपणा आहे. ते कॉफीच्या यंत्रापाशी. बैठकीत सगळ्यांनी मूग गिळले होते, आणि इथे जो गप्प बसतो तो हो म्हणाला असं धरतात, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तिला तर पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं.

ती खाली आली. आनिकेनला खोटंच सांगितलं, की बघते काहीतरी, आणि तिला घरी पाठवलं. मग डबा उघडून बसली. पावाच्या चकत्या, तपकिरी चीज, मधे कागद. घास काही उतरेना. शेर्स्टीवर राग होता, कंपनीवर होता, हिरव्या कानावर होता, पण त्या सगळ्यांच्या खाली जो होता तो स्वतःवरचा, आणि तो जास्त जाळत होता. साठ वर्षांची घोडी झाली, आणि एका खोलीत तोंड उघडायची हिंमत नाही. मास्तर मेले, त्यांचा बाक तेवढा आपण सांभाळून ठेवला आणि त्यावर दुसरीला नेऊन बसवली. असं काय काय ती स्वतःला बोलत राहिली.

दुपारी तिला एक गोष्ट सुचली. वॉर्डात असताना चूक झाली की चूकनोंद लिहायची पद्धत असते. चुकीची गोळी दिली, सलाइन जादा वेगाने सोडलं, की ज्याने केलं त्यानेच लिहायचं, आपल्या नावानिशी. आणि त्या पद्धतीचा नियम असा, की आधी चूक थांबवायची, चर्चा मागून. चोवीस वर्षांत गुन्वोरने स्वतःविरुद्ध नऊ नोंदी लिहिल्या होत्या आणि त्यातल्या एकीचीही लाज तिला वाटली नव्हती. कॉलेजालाही तीच पद्धत लागू होती, कारण सरावखोलीत शिकवलेलं शेवटी पेशंटवरच उतरतं. फक्त कॉलेजात ती आजवर कुणी वापरलेली नव्हती. नोंद आली की दोन दिवसांत दुरुस्ती करून कळवावंच लागतं. एकच अडचण होती. "चूक कोणाकडून झाली" हा रकाना कोरा सोडता येत नाही, आणि व्यवस्था असं लिहिता येत नाही. माणसाचं नाव लागतं.

तिने आपलं नाव लिहिलं. खाली लिहिलं: "मार्चमधल्या तिसऱ्या बैठकीत माझ्या फिल्मांतला आवाज चित्रापासून वेगळा करण्याचं ठरलं. यातून विद्यार्थी औषधाचं प्रमाण चुकीचं शिकतील हे मला तेव्हाच कळलं होतं. तपासायची जबाबदारी माझी होती. मी बोलले नाही. एक विद्यार्थिनी मॉर्फिनचा दसपट डोस काढायला शिकली आहे. फिल्मा सर्व विद्यार्थ्यांना पूर्ण उघडाव्यात आणि सरावखोलीचं दार सर्वांच्या कार्डांना चालावं." वाचणं तिला अजूनही हळूच जमतं, म्हणून चार वेळा वाचून पाहिलं, आणि पाठवून दिलं.

तासाभरात शेर्स्टी स्वतः खाली आली, हे चौदा वर्षांत पहिल्यांदा. दार लावून घेतलं. म्हणाली, हे मागे घे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय, कॉलेजात आल्यापासून तुझ्या नावावर एक डाग नाही, आता कशाला? ही नोंद तुझ्या फायलीत कायमची जाईल, साहित्य तपासायचं काम तुझ्याकडून काढून घ्यावं लागेल. आणि बैठकीत आम्हीही सगळे होतो, आम्ही कसे दिसू?

"तुम्ही कसे दिसाल ते तुमचं तुम्ही लिहा," गुन्वोर म्हणाली. "माझं मी लिहिलंय."

शेर्स्टी दार उघडून वर निघून गेली. बाकीच्या शिक्षिकांपैकी कुणी काही लिहिलं नाही. कॉफीच्या यंत्रापाशी मात्र दोघीतिघींनी गुन्वोरचा दंड दाबला, आणि एक म्हणाली, बरं झालं कुणीतरी केलं. गुन्वोरला तिच्या तोंडावर कप फेकावासा वाटला. तिने कप विसळला आणि खाली आली.

पण दुरुस्ती झाली. बुधवारी दुपारी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फिल्मा साठही जणांना उघडल्या, आवाज, चित्र, अक्षरं सगळ्यासकट, आणि गुरुवारी सकाळी आनिकेनच्या कार्डाला हिरवा दिवा लागला. ती एकटी आली नाही. वाचणारे आले, बघणारे आले, ऑगस्टपासून एकमेकांचे धडे न पाहिलेली पोरं एका पलंगाभोवती गर्दी करून कुप्या फोडायला लागली. कुणी फिल्म लावायचा, कुणी मोठ्याने वाचायचा, आणि कुणालाच आपला गट आठवत नव्हता. गुन्वोरला एकट्या आनिकेनला शिकवायची मनाई होती, सगळ्यांना शिकवायची नव्हती. ती पलंगापलंगावरून फिरत राहिली.

आनिकेन रोज सात वाजता हजर. सात नंबरची फिल्म बघायची, थांबवायची, कुपी हातात घ्यायची, भरायची, लिहायची. पण गुन्वोरशी ती बोलेना. विचारलं तर हो-नाही एवढंच. कॉफी दिली तर नको म्हणायची. डबा खायला दुसऱ्या टोकाच्या पलंगाशी जाऊन बसायची. गुन्वोरने मनाशी म्हटलं, परीक्षेचं दडपण असेल, जीव टांगणीला लागलाय बिचारीचा, होतं असं. दडपण तिलाही होतंच. परीक्षेच्या आदल्या दिवशी तर तिने एक कुपी उगाचच फोडली.

शुक्रवारी दहा वाजता परीक्षा सुरू झाली. वर मोठ्या हॉलमध्ये ओळीने संगणक, शेवटचं उत्तर दिलं की निकाल तिथल्या तिथेच. गुन्वोर खाली चादरींच्या घड्या घालत बसली, घातलेल्या मोडून पुन्हा घातल्या. अकरा वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. आनिकेन आत आली आणि म्हणाली, चौदा.

गुन्वोरच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हात पसरून पुढे झाली. आनिकेन एक पाऊल मागे सरली.

"चूकनोंदीची प्रत मलाही आली," ती म्हणाली. "ज्या विद्यार्थ्याबद्दल असते त्याला येते. गेल्या बुधवारीच आली. तू ती लिहिलीस म्हणून मी आज पास झाले, ते मला कळतं. आभार. पण हे दहा दिवस मी तुझ्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर ओरडले असते, आणि मला परीक्षा द्यायची होती."

गुन्वोरने हात खाली घेतले.

"चार महिने मी स्वतःला मठ्ठ समजत होते. तूवाला सांगून ठेवलं होतं, की आई बहुतेक नापास होईल, आई तेवढी हुशार नाही. नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलं मी हे. त्यावर ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, मग मी पण नसेन. आणि तू त्या बैठकीत बसली होतीस. तुला खरंच तेव्हाच कळलं होतं?"

"हो," गुन्वोर म्हणाली.

"मग?"

मग काय. बाकीच्या गप्प होत्या, फेरीबोटीची वेळ झाली होती, शेर्स्टी दमलेली होती. यातलं एकही तोंडातून काढण्यासारखं नव्हतं.

"मग काही नाही. गप्प बसले."

आनिकेनने मान हलवली, हेच उत्तर येणार असं धरून आल्यासारखी. तिने हात जॅकेटच्या खिशात घातले.

"सोमवारपासून मी वॉर्डात जाणार," ती म्हणाली. "तिथे डॉक्टर चारच्या जागी चाळीस म्हणाला, आणि खोलीतल्या सगळ्या माझ्याहून जुन्या असल्या, आणि सगळ्या गप्प असल्या, तर मी काय करायचं?"

"बोलायचं."

"ते मला माहितीये, गुन्वोर. मी विचारतेय, ते मी कुणाकडे बघून शिकू?"

आनिकेनने जॅकेटची चेन लावली आणि मुलीला शाळेतून आणायला निघून गेली.